कपबशीचे ब्रेक

आमच्या घरचा बुढा तोंड उघडत नाही. भाजीत मीठ नसलं तरी सांगणार नाही. ताट सरकवून उठून जाईल, मग मी चाखून पाहायचं की काय बिघडलं. लग्न होऊन आले तेव्हापासून हेच. गावात लोक म्हणतात, बाबूलाल केवढा शांत माणूस, ती शकुनबाईच फार बोलते. बोलते बाई मी. दोघांच्या वाटचं एकटीला बोलावं लागलं तर जीभ झिजून धारदारच होईल ना.

बोलायचा तो फक्त बैलांशी. लाल्या आणि चांद्या. सकाळी गोठ्यात गेला की त्यांच्याशी त्याच्या गोष्टी चालायच्या. मी शेणाची पाटी घेऊन मागे उभी असले तरी कळायचं नाही त्याला. पोराच्या साखरपुड्याची तारीख मला त्याच्याकडून कळली नाही, गोठ्यात चांद्याला सांगत होता तेव्हा कानावर आली.

मग बैल विकले. चिखलणीला ट्रॅक्टर येतो, मळणीला मशीन येते, बैल नुसते उभे राहून खाणार. पिंटू म्हणाला, विकू. मीही म्हणाले, विकू. बुढा काहीच म्हणाला नाही, म्हणून आम्ही धरून चाललो की त्याची हरकत नाही. गोठ्याची गव्हाण काढली आणि तिथे पिंटूची गाडी उभी राहू लागली. जुनीच, पांढरी. सानगडी ते साकोली रोजचं जाणं-येणं. साकोलीला मोबाईलच्या दुकानात तो कामाला होता.

बुढा सकाळी उठून सवयीनं गोठ्यात जायचा आणि गाडीजवळ उभा राहायचा. काही दिवसांनी तिच्यावरून हात फिरवू लागला. मी म्हटलं, चला, माणूस रुळला. मला बरंही वाटलं.

पावसाळ्यात गाडीचे ब्रेक ओरडू लागले. पिंटू गावात शिरून वळणावर ब्रेक लावायचा आणि शेजारच्या चिंधूच्या कोंबड्या अंगणभर उधळायच्या. चिंधू कुंपणावरून म्हणायचा, "आला का गा पिंटू? तुयी गाडी घंटी वाजवून येते बापा, देवाच्या आरतीसारखी." साकोलीचा मिस्त्री भय्याजी म्हणाला, पॅड संपले, आता नुसता पत्रा घासून राहिला, लवकर बदल.

दुसऱ्या कोणी त्याच दिवशी बदलले असते. आमचा पिंटू बापावर गेलेला नाही, तो बोलतो. पण ठरवायचं म्हटलं की त्याचा जीव घाबरा होतो. रोज जेवताना हातात मोबाईल. साधे घ्यावे, धातूचे घ्यावे, की सिरॅमिकचे घ्यावे. धातूचे तापले तरी पकड सोडत नाहीत, पण ओरडतात आणि चाकं काळी करतात. सिरॅमिकचे आवाज करत नाहीत, धूळ उडवत नाहीत, आतली चकतीही कमी खातात. पण कोणी म्हणे थंड असताना पकड थोडी कमी, कोणी म्हणे घाटात भरल्या गाडीला ते नको. भय्याजी म्हणाला, "अरे बापा, तुले कुठं घाट चढाचा आहे? सानगडीवरून साकोली, लय झालं तं भंडारा. सिरॅमिक लाव अन् निजून राय."

सून, रिता, ताटं वाढत होती. ती म्हणाली, "आई, एवढा विचार यायनं मले पाहाले आले तवा नव्हता केला."

"तवा तुयी मायच बोलत होती," पिंटू म्हणाला, "मले विचार कराले टाइमच नाही भेटला."

हसले दोघं. मीही हसले. बुढा भात कालवत होता.

शेवटी सिरॅमिकच आणले. बसवून घरी आला तेव्हा गाडी वळणावर थांबली आणि कोंबडीनं मानसुद्धा वर केली नाही. पिंटूला केवढा आनंद! बापाला हाताला धरून गोठ्यात घेऊन गेला, चाकाच्या जाळीतून बॅटरी मारून दाखवलं. मी दारात तांदूळ निवडत होते, मला ऐकू येत होतं. "बाबा, हे पाहा. ही चकती दिसते ना चमकणारी? तिले हे पॅड दोन्हीकडून धरते. सारी गाडी थांबते ते याच्यावर. सारा जोर इथं येते."

"इथं?" बुढा म्हणाला.

"हाव, इथंच."

घरात त्याच्या तोंडून शब्द निघाला म्हणून मी सूप खाली ठेवलं होतं. तेवढाच तो एक शब्द.

चिंधूनं विचारलं, सिरॅमिक म्हणजे काय बे. पिंटूनं हौसेनं सांगितलं की चिनी मातीसारखं असतं, भट्टीत भाजलेलं. चिंधूनं संध्याकाळपर्यंत गावात करून टाकलं, पिंटूनं गाडीला कपबशीचे ब्रेक लावले.

मग पोळा आला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर ज्या खांद्यावर जू असतं तो खांदा कोमट तुपानं आणि हळदीनं पळसाच्या पानानं शेकायचा, आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. आमच्या घरी आता बैल नाहीत. मी पुरणाची डाळ भिजवत होते. बुढा चुलीजवळ आला, वाटीत तूप घेतलं, हळद घेतली आणि बाहेर गेला. मला वाटलं चिंधूच्या बैलांना जातो आहे. चिंधूचे बैल तरण्या वयाचे, बुढ्याला त्यांचं वेड. बाहेरून त्याचा आवाज आला, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." मी रिताला म्हटलं, "पाह्य, घरच्या बाईले कधी जेव म्हणत नाही, अन् शेजारच्या बैलाले आवतन देऊन राहिला."

पोळ्याच्या दिवशी गाडी जागची हलली नाही. मी तिच्या बोनेटला हळदीकुंकू लावलं, हात पोचला त्या टायरांना बोटं लावली. दुसऱ्या दिवशी पिंटू आणि रिता मोहाडीला निघाले, रिताच्या माहेरी. कारधाच्या पुलाअलीकडे चहा प्यायले. तिथे रिता म्हणाली होती, ब्रेक लावला की गाडी उजवीकडे ओढून राहिली का हो? पिंटूनं सांगितलं, पॅड नवीन आहे, बसाले टाइम लागते. तसं मोबाईलवर लिहिलंही होतं.

भंडारा मागे पडला. मोहाडीच्या रस्त्यावर समोर शेळ्या आल्या. पिंटूनं जोरात ब्रेक दाबला. उजव्या चाकानं धरलं, डाव्यानं धरलंच नाही. गाडी गरकन उजवीकडे आडवी झाली आणि समोरून येणारा टेम्पो रिताच्या अंगावर आला.

पिंटूला कपाळाला खोक पडली, बाकी काही नाही. रिताचा डावा पाय नागपूरला नेऊन गुडघ्याखालून कापावा लागला.

लेकीच्या वयाची बाई. मशीनवर बसून गावभरच्या बायकांची पोलकी शिवायची. तिला चाकाच्या खुर्चीवर बसवून घरी आणलं तेव्हा मी ती मशीन चादर टाकून झाकून ठेवली. तिनं पाहिलं आणि मान भिंतीकडे केली.

पण तिच्यापेक्षा माझा जीव पिंटूत अडकला. रिता रडायची, चिडायची, माझ्यावर ओरडायची. ओरडणाऱ्या माणसाचं मला भ्या वाटत नाही. पिंटू मात्र बापासारखा झाला. पोलिसांचं झाल्यावर मोडकी गाडी त्यानं ओढून घरी आणली. नोकरीवर जाणं बंद. दिवसभर गोठ्यात बसून राहायचा. डावं चाक खोललं, पॅड काढलं, आणि ते हातात घेऊन बसायचा, जसं कोणी मेलेल्या पाखराला घेऊन बसावं. ताट नेलं तर ताट तसंच. एके दिवशी माझ्या मनात काय आलं कोण जाणे, मी कोठीतलं फवारणीचं औषध उचललं आणि पदराखालून गल्लीतल्या रंभाबाईच्या घरी नेऊन ठेवलं. ती म्हणाली, "काहून व शकुन?" मी म्हटलं, "उंदरं झाले." रंभाबाई म्हातारी, तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. औषध तिनं कुलपात ठेवलं.

रिता त्याला हाक मारायची. तो आत जायचा, खाटेच्या पायथ्याशी उभा राहायचा, आणि जिथे पाय नव्हता त्या जागेकडे पाहायचा. ती म्हणायची, "तुमी मुद्दाम केलं का? मी तं तुमाले काही म्हणून नाही राहिली." तो म्हणायचा, "निवडले तं मीच ना." परत गोठ्यात.

गावानं तर पिंटूचा निकालच लावला होता. येणारा-जाणारा अंगणात उभा राहून सांगायचा, साधे लावले असते तर सूनबाईचा पाय वाचला असता. ज्यांनी जन्मात गाडी चालवली नाही तेही सांगायचे.

धान कापणीला आलं तरी हेच. एका दुपारी मी गोठ्यात ताट घेऊन गेले. पिंटू हात धुवायला उठला होता, पॅड खाली पडलेलं होतं. माझा राग त्या पॅडवर. म्हटलं, आज हे उकिरड्यावरच टाकते. उचललं तर खाचेत पिवळं. बोटानं खरडलं. नाकाशी नेलं. जळका वास होता, पण जळकं तूपसुद्धा तूपच असतं, आणि माझ्या चुलीवर कढवलेलं तूप मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? मग वाकून चाकाच्या जागी पाहिलं. आतल्या चकतीच्या कडेला, पार आत, हळद. मी बोटं लावली होती ती टायरांना, बाहेरून. आत माझा हात गेलाच नव्हता. दुसऱ्या बाजूला जाऊन पाहिलं, चकती स्वच्छ. पोळ्याच्या वेळी गाडी उजव्या अंगानं भिंतीला चिकटून उभी होती, पिंटूही डाव्या दारानं उतरला होता. त्या बाजूला माणूस शिरूच शकत नव्हता.

मी तिथेच गव्हाणीच्या जुन्या दगडावर बसले. जो आवाज मी चिंधूच्या बैलापाशी समजले होते, तो इथून आला होता.

बुढा शेतात धुऱ्याच्या बांधावर बसलेला सापडला. मी उभ्या उभ्या विचारलं, "तूप गाडीले लावलं तुमी?"

त्यानं धानाची एक लोंबी तोडली.

"मी विचारून राहिली, पिंटूचे बाबा."

"त्यानंच दाखवलं होतं," तो म्हणाला. "सारा जोर इथं येते म्हणे. मंग खांदा तोच ना."

मला हसू यावं की रडू, कळेना. या माणसानं त्या लोखंडाला खांदा समजून शेकलं. वाटी संपेपर्यंत, पळसाच्या पानानं, मायेनं. माझे हातपाय कधी दुखले तर त्यानं पाण्याचा गडवाही कोमट केला नाही.

"अन् तुमाले माहीत कधीपासून?"

"भय्याजी ठाण्यात गाडी पाहून दवाखान्यात आला तवा मले म्हणे, डाव्या पॅडले चिकट लागलं म्हणून. तवाच."

"तवापासून? अन् पोट्टा तिकडे मरून राहिला ते दिसत नाही?"

तो लोंबीतले दाणे हातावर काढत राहिला.

मी म्हटलं, "आज घरी जाऊन सांगा त्याले. मी नाही सांगत. तुमच्या तोंडून गेलं पायजे."

तो मान हलवून हो म्हणाला. घरी आला, जेवला, निजला. दुसऱ्या दिवशी मी डोळ्यानं खूण केली. तो गोठ्याच्या दारापर्यंत गेला, पोराला पाहून परत आला आणि पाण्याची घागर उचलून विहिरीवर निघून गेला. रोज असंच. घरात कधी नव्हतं एवढं पाणी भरलं गेलं. मी त्याचा स्वभाव माहीत असून वाट पाहिली, कारण मला वाटत होतं, बापानं सांगितलं की पोराच्या छातीवरची धोंड उतरेल. पोरगा उठेल, आंघोळ करेल, बायकोजवळ बसेल. एवढीच एक आशा मी धरून होते.

परवा चिंधू आला. भंगारवाल्याला गाडी दाखवायला घेऊन आला होता. चांगल्या मनानं आला असेल, पण जिभेला हाड नाही. गाडीभोवती फिरला आणि म्हणाला, "पिंटू, मी तवाच म्हटलं होतं ना गा, कपबशीनं कुठं गाडी थांबते? बायको लंगडी करून बसला नं."

पिंटू म्हणाला, "हाव काका. माहीच चुकी."

बुढा घागर घेऊन तिथेच उभा होता. त्यानं ऐकलं. घागर खांद्यावरून उतरवली, ओट्यावर ठेवली, आणि पुसू लागला. घागर पुसत होता तो माणूस.

मी पायरीवरून उतरले आणि चिंधूला म्हटलं, "चिंधू, घरी जा. तुया भंगारवाल्यालेही घेऊन जा. अन् जाताना तोंड मिटून जा, माश्या जातीन." तो गेला. मग मी बुढ्याच्या हाताखालची घागर सरकवली आणि त्याला मनगटाला धरून गोठ्यात नेलं. एवढ्या वर्षांत मी त्याला कधी असं धरलं नव्हतं. हाताची नुसती काडी झाली होती.

"बोला," मी म्हटलं.

त्यानं पोराच्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाला, "तूप मी लावलं होतं. पोळ्याले. डाव्या चाकाले."

पिंटूनं मान वर केली नाही. म्हणाला, "माहीत आहे मले."

मी बुढ्याचं मनगट सोडलं. "तुले माहीत आहे? कधीपासून बे?"

"चाक खोललं तवाच. वास आला." तो पॅड हातात फिरवत होता. "भय्याजीलेही मंग मी म्हटलं, माह्याच हाताचं ग्रीस लागलं असन. बाबानं बैलासारखी गाडीची खांद शेकली असं कळलं असतं, तं गाव हसलं असतं बाबाले. मी म्हटलं, बाबा सोता येऊन सांगन मले. वाट पायली."

"मंग आता सांगितलं ना रे," मी म्हटलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "आता तं ऊठ. तुयी चुकी नाही. पॅड चांगलेच होते."

"चकती मीच दाखवली, आई. जोर इथं येते, मीच म्हटलं. कारधाले रिता बोलली, गाडी ओढून राहिली, तं मी तिलेच शिकवलं." पहिल्यांदाच त्यानं बापाकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात राग नव्हता. राग असता तर मी देवाला नारळ फोडला असता. "तुमी लावलं काय अन् मी लावलं काय, बाबा. तिचा पाय तं नाही येत."

तो परत खाली पाहू लागला. माझा हात त्याच्या पाठीवर होता, पण मला तो लाकडावर ठेवल्यासारखा वाटला. ज्या एका गोष्टीवर मी एवढे दिवस काढले ती गोष्ट झाली, आणि काहीसुद्धा हललं नाही.

आतून रिताचा आवाज आला. गोठ्याची भिंत कुडाची, तिला सगळं ऐकू गेलं होतं. ती ओरडली नाही. हळूच म्हणाली, "आई, मामाजीनं लावलं का यायनं निवडलं, ते तिघं मिळून ठरवा. पाय माहा गेला. अन् मी सकाळपासून पडली आहो, मले बाहेर न्याले एकही माणूस नाही या घरात."

बुढा वळला. मला वाटलं आत जातो आहे सुनेकडे. तो ओट्याकडे निघाला, घागरीकडे.

मी वाट अडवून उभी राहिले. तिथेच, अंगणात, चिंधू कुंपणाआडून ऐकत होता तरी मी आवाज कमी केला नाही.

"थांबा. घागर राहू द्या. पोट्टा चूप राहिला तो तुमच्यासाठी. तुमी चूप राहिले ते सोतासाठी. दोन्ही चूप एक नाही, हे मले आज समजलं. तूप लावलं त्याचा मी तुमाले दोष देत नाही, मरेपर्यंत देणार नाही. पण आपल्या लेकराले गाव दगड मारून राहिलं अन् तुमी घागर पुसत होते, ते मी तुमाले माफ नाही करत. पोरगा वाचते का नाही वाचते, मले माहीत नाही. तुमच्या बोलण्यानं तो नाही उठला, माह्याही नाही उठत. पण उद्यापासून रिताची चाकाची खुर्ची तुमी ढकलाची. रोज. चावडीवरून, देवळावरून, बाजारातून. अन् जो कोणी थांबवून विचारन, सूनबाईले काय झालं गा बाबूलाल, त्याले तोंड उघडून सांगजा, पॅड चांगले होते, पोरानं बरोबर निवडले होते, तूप मी लावलं. हसतीन तं हसू द्या. मी मागून चालीन, अन् तुमचा आवाज मले ऐकू आला पायजे."